दोन आठवडे पुढचा माणूस

"कितवा?"

एवढाच प्रश्न. नाव नाही, गाव नाही, काय झालंय ते तर नाहीच. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात रेडिएशनच्या बाहेर बाकड्यावर बसलो होतो, पहिला दिवस, कानाच्या पाळीखालून हनुवटीपर्यंत शिवण अजून ओढत होती, आणि शेजारच्या माणसाने माझ्याकडे न बघताच विचारलं, कितवा? मला कळेना काय कितवा. मग त्याने एक बोट हवेत गोल फिरवलं, मशीन फिरतं तसं. म्हणजे रेडिएशनचा शेक कितवा. म्हणलं पहिला. तो म्हणाला, "माझा अकरावा." आणि मग कुठं माझ्याकडे वळून बघितलं, लांबच्या एसटीत शेजारी कोण येऊन बसलंय ते आपण बघतो ना, तसं.

मी बार्शीकडचा. झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पॅनकार्ड, जे येईल ते. दिवसभर कीबोर्डवर हात आणि डाव्या गालात तंबाखूची गोळी, १८ वर्षं. राज्यात २०१२ पासून गुटखा बंद आहे, पण मी गुटखा नाही खायचो, मी साधी तंबाखू-चुना मळून खायचो आणि त्याचा मला अभिमान होता हे आता सांगायला लाज वाटते. गालात आतून पांढरं झालं, मग चरा पडला, मग तिखट सोसेना. गावातल्या एका डॉक्टरांनी अल्सर म्हणून लावायला जेल दिलं, संपलं की परत दुसरं, अडीच महिने तेच. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर तुकडा काढून तपासायचा असतो, हे मला पुढे कळलं. असो. ते दळण दळत बसलो तर इथंच संध्याकाळ होईल.

तर आजार कळल्यापासून ऑपरेशन होईपर्यंत मला भेटलेल्या प्रत्येक माणसाने एकच विचारलं होतं, तंबाखू खायचात का. केस पेपर लिहिणाऱ्याने विचारलं, ते त्याचं काम. पण आत्याने विचारलं, व्याह्याने विचारलं, दुकानात गिऱ्हाइकाने विचारलं, आणि हो म्हणलं की समोरच्याच्या तोंडावर एक सुटका झाल्यासारखं यायचं, चला, म्हणजे आपल्याला नाही होणार. मी दहा वेळा हो म्हणून थकलो होतो. त्यामुळे तो "कितवा" मला फार बरा वाटला. त्यात मागचं काही नव्हतं.

जळगावचे होते ते. वय साठीच्या आसपास, जिभेचं ऑपरेशन झालेलं, बोलणं बोबडं. माझंही गालामुळे निम्मं बोलणं गळून पडायचं. गंमत म्हणजे माझ्या बायकोला जे मला तीन वेळा सांगावं लागायचं ते काकांना एकदाच कळायचं, आणि त्यांचं मला. दोन बोबडी माणसं एकमेकांशी स्पष्ट बोलत होती.

ऑपरेशनच्या आधी घरी असताना आमच्या पाहुण्यांपैकी एकांनी एक गृहस्थ आणले होते मला भेटवायला. त्यांना आठ वर्षांपूर्वी झालेला, आता ठणठणीत. चहा घेतला, स्वतःचा जुना फोटो दाखवला आणि पाऊण तास सांगत बसले की पॉझिटिव्ह राहायचं, मी तर हसत हसत गेलो ऑपरेशनला. भला माणूस, स्वतःच्या खर्चाने आलेला. पण ते गेल्यावर मी जास्तच घाबरलो. कारण मी काही हसत जाणाऱ्यातला नव्हतो, म्हणजे आपलं काही खरं नाही असं वाटलं. आठ वर्षं फार लांब असतात हो, त्या टोकाचा माणूस दिसतो पण मधला रस्ता दिसत नाही, आणि मला तर फक्त सोमवारी काय होणार ते पाहिजे होतं. (बायको मात्र त्या रात्री महिन्याभरात पहिल्यांदा नीट झोपली, तिला तो फोटो पाहिजे होता. तेव्हा त्यांचं येणं फुकट गेलं असं नाही म्हणवत.)

काका माझ्यापेक्षा दहा शेक पुढे होते. सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे बरोबर दोन आठवडे. मला ३० सांगितलेले आणि आठवड्याला एक केमो. त्यांनाही तेवढेच. त्यामुळे त्यांचं आज म्हणजे माझं पुढच्या पुढचा सोमवार. याच्याइतकं कामाचं नातं मला आयुष्यात दुसरं मिळालेलं नाही.

पहिली गोष्ट त्यांनी शिकवली ती मास्कची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शेक देताना डोकं केसभरही हलून चालत नाही, म्हणून तोंडाचा साचा करतात. जाळीचा प्लास्टिकचा पांढरा पत्रा असतो, गरम पाण्यात टाकला की मऊ होतो, आणि तो तसाच वाफाळता आणून तोंडावर, मानेवर, खांद्यापर्यंत ताणून बसवतात. ओली गरम पोळी तोंडावर थापल्यासारखं वाटतं. मग ते गार होत घट्ट होतं, आणि पुढे रोज तोच साचा तोंडावर ठेवून खाली टेबलाला खटाखट अडकवतात. गिळायला गेलं तर गळा जाळीला लागतो. साचा करायच्या दिवशीच मी हात वर करून थांबवायला लावलं होतं दोनदा. टेक्निशियन पोरगा समजावत होता, श्वास घेता येतो, नाकाला जागा आहे, घाबरू नका. सगळं खरं होतं त्याचं. पण काकांनी एक वाक्य सांगितलं.

"डोळे मास्क लावायच्या आधी मिटायचे, भाऊ. लावल्यावर नाही. मग तो येताना दिसतच नाही."

बस. त्या दिवशी टेबलावर आडवा झाल्या झाल्या डोळे मिटले आणि मनात गाडीत बसलो. आम्ही बार्शीकडची माणसं कुर्डुवाडीला येऊन रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडतो, सकाळी दादर. तर कुर्डुवाडी, केम, जेऊर, पारेवाडी, जिंती, भिगवण... सावकाश, प्रत्येक स्टेशनाला जरा थांबत. दौंड यायच्या आत मशीन बंद व्हायचं. ३० दिवस मी दौंडच्या पुढे गेलो नाही. बाहेर आलो की गालावर, कपाळावर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे, दहा-पंधरा मिनिटं राहायचे. बाकड्यावर कोण आत जाऊन आलंय आणि कोण अजून जायचंय ते त्या चौकोनांवरून कळायचं.

गाडीवरून आठवलं, आपली एक फजिती सांगतो. मी लोकांचे फॉर्म भरून पोट भरणारा माणूस, फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड-आधारच्या झेरॉक्स मी हजारोंनी मारल्या असतील, आणि कॅन्सर पेशंटला रेल्वेत सवलत असते हे मला माहीत नव्हतं. ऑपरेशनच्या आधीच्या चार-पाच फेऱ्या आम्ही पूर्ण तिकीट काढून केल्या. काकांनी तोंडात बोट घातलं. म्हणजे घालता येईल तेवढं. उपचाराला किंवा तपासणीला जाताना स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं भाडं माफ, सोबतच्याला पाऊण सवलत, हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यात सर्टिफिकेट घ्यायचं. कुठल्या खिडकीवर, किती वाजता, फोटो किती, सगळं त्यांना पाठ. माझा फॉर्म त्यांनी भरला. अक्षर सुंदर होतं त्यांचं. आता माझ्या दुकानात काउंटरच्या काचेखाली त्या फॉर्मची कोरी प्रत ठेवलेली आहे, त्याचे पैसे घेत नाही.

काकांचा एक नियम होता आणि तो त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकला, औषधाचं डॉक्टरला विचार, गिळायचं मला विचार. हा नियम किती शहाणा होता ते त्या बाकड्यावर दोन दिवस बसलं की कळतं, कारण तिथं सल्ल्यांचा नुसता बाजार असतो. कुणी पपईच्या पानाचा रस सांगतं, कुणी गव्हांकुर, कुणी म्हणतं सुरी लागली की पसरतो म्हणून ऑपरेशनच करायला नको होतं, अरे पण आता झालंय ना त्याचं! एक जण तर शेक अर्धवट सोडून कुठल्याशा महाराजांच्या पुड्या आणायला गेला, सहा दिवसांनी परत आला. मधे असे खाडे पडले की शेकाचा जोर कमी पडतो, हे आत डॉक्टर जीव तोडून सांगत असतात. तेव्हा पेशंटने पेशंटला दिलेला आधार म्हणजे सगळं गोडच असतं असं कुणी समजू नये. त्याच बाकड्यावर माणूस तरतो आणि त्याच बाकड्यावर बुडतो, शेजारी कोण बसलंय त्यावर.

गिळायचं मात्र काकांना विचारायचं. पहिला आठवडा काहीच होत नाही, मी मनात म्हणलं उगाच घाबरवतात लोक. काका म्हणाले, आत्ताच खाऊन घे, शिरा खा, अंडी खा, भाताची पेज तूप घालून घे, वजन वाढवून ठेव, नाहीतर पुढं मास्क ढिला होतो आणि परत साचा करायला लागतो. ती गरम पोळी परत तोंडावर नको म्हणून मी दोन दिवस खाल्लं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी चव गेली. गेली म्हणजे कशी, आधी गोड गेलं, मग सगळंच पुठ्ठ्यासारखं, मग पाणीसुद्धा कडवट. मी सोलापूर जिल्ह्याचा माणूस, कडक भाकरी आणि शेंगाचटणीशिवाय जेवण झालं असं न मानणारा, आणि मला दुधात कालवलेली नाचणी झोंबत होती. थुंकी डिंकासारखी, बोटाने ओढून काढली तरी तुटायची नाही. काका म्हणाले खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या चुकवू नकोस, दर दोन तासांनी, रात्री जाग आली तरी. हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं. पण "रात्री जाग आली तरी" हे कागदावर नव्हतं, आणि रात्री तीन वाजता बेसिनपाशी उभं राहून गुळण्या करताना दोन माणसं गुळण्या करतायत असं वाटायचं, एक इथं आणि एक पलीकडे काका.

आणि काड्या. हा आमचा जुगार होता. ऑपरेशन आणि शेकाने जबडा आखडतो, तोंड उघडेनासं होतं, म्हणून आइस्क्रीमच्या असतात तशा लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, मग रोज जमलं तर एक काडी मधे सरकवायची. चांगल्या माणसाच्या तोंडात उभी तीन बोटं जातात, माझ्या तोंडात दीड जात होतं. काका रोज विचारायचे, किती? मी ११. ते १४. दुसऱ्या दिवशी मी १२. ते काहीच बोलायचे नाहीत, खिशातून रबर लावलेला गठ्ठा काढायचे आणि तिथंच बाकड्यावर दातांत धरून बसायचे, डोळ्यांत पाणी, बोटांनी खूण, १५. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी मला जे सांगून झालं नव्हतं ते या म्हाताऱ्याच्या खुनशीपणाने झालं.

पण पुढचा माणूस दिसत असतो याची किंमतही असते. माझ्या सातव्या शेकाला काका नाकात नळी घालून आले. त्यांना गिळणं बंद झालं होतं, पाण्याचा घोटसुद्धा, राइल्स ट्यूब टाकली, गालावर पट्टीने चिकटवलेली. म्हणाले, "आपल्याकडे गॅसची पाइपलाइन आली." सगळे हसले, मी पण हसलो, आणि घरी, म्हणजे धर्मशाळेत येऊन बायकोला म्हणलं की चल, गावाकडं जाऊ, मला नाही जमणार. कारण मला दिसलं होतं ना, अजून दोन आठवडे. त्या रात्री मी काकांना भेटलोच नसतो तर बरं झालं असतं असं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी गेलो ते फक्त काकांची नळी दुखते का ते विचारायला. म्हणाले, घालताना दोन मिनिटं मळमळतं, मग काही नाही, उलट गिळायची कटकट गेली, कालपासून पोटभर जेवलोय. चौदा दिवसांनी मला नळी पडली तेव्हा ती दोन मिनिटं मी मोजली होती. दोनच होती.

बायकोचं बाकडं वेगळं होतं, त्याबद्दल मी फार लिहू शकत नाही कारण मी तिथं नव्हतो. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत आम्हाला जागा मिळाली होती, गावोगावचे पेशंट आणि सोबतचे, आणि संध्याकाळी बायका कॉरिडॉरमध्ये बसायच्या. कोल्हापूरच्या एक ताई होत्या, नवऱ्याचं घशाचं होतं. त्यांनी हिला नळीतून जेवण द्यायला शिकवलं. नर्सने शिकवलं होतं एकदा, पण ताईंनी हात धरून शिकवलं. पेशंटला ताठ बसव, आधी थोडं पाणी सोड, मग मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून टाक आणि तिला फनेलसारखी धर, ढकलू नकोस, आपोआप उतरू दे, छातीच्या वर धरली की उतरतं, खाली घेतली की थांबतं. डाळीचं पाणी मिक्सरमधून काढून परत फडक्यातून गाळ, एक जिऱ्याचा दाणा नळी तुंबवतो. शेवटी परत पाणी. अर्धा तास आडवं होऊ देऊ नकोस. आणि मग म्हणे त्या ताईंनी हिला विचारलं, तू जेवलीस का? ही रडली म्हणे. मला हे वर्षभराने सांगितलं. मी त्या सहा आठवड्यांत तिला एकदाही विचारलं नव्हतं.

टाटा १९४१ साली सुरू झालं. त्या इमारतींत तेव्हापासून किती बाकडी झिजली असतील. व्ही केअरसारख्या संस्थांची माणसं तिथं येतात, त्यातली कित्येक स्वतः या आजारातून गेलेली, त्यांचं काम फार मोठं आहे. स्वरयंत्र काढलेला एक माणूस मी पाहिला, गळ्याच्या भोकावर बोट दाबून घोगऱ्या आवाजात, ऑपरेशनला चाललेल्या दुसऱ्याला स्वतःचं नाव म्हणून दाखवत होता. दुसरं काही नाही, फक्त नाव. चार वेळा. ते बघताना मला गावातले ते आठ वर्षंवाले गृहस्थ आठवले आणि वाटलं, त्यांनीही काही बोलायच्या ऐवजी माझ्यासमोर नुसता एक पापड खाऊन दाखवला असता तर!

माझा विसावा झाला त्या दिवशी काकांचा तिसावा झाला. पेढे आणले होते, बाकड्यावर खाऊ शकणारं कुणीच नव्हतं, सोबतच्यांनी खाल्ले. मग मी एकदम उघडा पडलो, पुढे कुणी नाही. आणि मागे वळून बघतो तर भिवंडीचा एक पोरगा, २९ वर्षांचा, माझ्याकडे बघतोय. त्याचा नववा होता. मी काकांकडे जसा बघायचो तसा बघत होता. मी त्याला मास्कचं सांगितलं, काड्यांचं सांगितलं, सोड्याचं सांगितलं. त्याने एकदा विचारलं, "दादा, बरा होईन ना?" आणि मी म्हणलं, होणार म्हणजे, शंभर टक्के. काकांनी मला हे कधीच म्हणलं नव्हतं. तेव्हा लक्षात नाही आलं.

सात-आठ महिन्यांनी त्याच्या भावाचा फोन आला. परत उठलं होतं त्याला, मानेत, आणि मग फार दिवस नाही. भाऊ रागावला नव्हता, उलट म्हणाला तुमचं नाव घ्यायचा. मी फोन ठेवला आणि ते शंभर टक्के माझ्या तोंडात बसलं ते अजून आहे. काका का नाही म्हणाले ते तेव्हा कळलं. त्यांना पुढचे दोन आठवडे माहीत होते, तेवढेच ते सांगायचे. त्याच्या पुढचं विचारलं की खिशातून काड्या काढायचे.

काका गावी गेल्यावर बोलू शकत नव्हते म्हणून मेसेज करायचे. माझा शेवटचा शेक झाला त्या संध्याकाळी आला होता, अजून आहे माझ्याकडे. "संपलं म्हणजे लगेच उतरत नाही. अजून चढेल. घाबरू नको. माझं १२ दिवसांनी उतरू लागलं." सगळे नातेवाईक सुटलास सुटलास म्हणत होते आणि मी त्या आठवड्यात सगळ्यात वाईट होतो, मानेची कातडी काळी पडून सोलत होती, झोप बसल्या बसल्या. तो मेसेज नसता तर मी समजलो असतो की उपचार फसला. अकराव्या दिवशी उतरू लागलं. मी कळवलं. त्यांनी लिहिलं, "एक दिवस जिंकलास. काड्या किती?"

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. थुंकी अजून कमीच, पाण्याची बाटली सोबत असते, डाव्या बाजूला दाढी येत नाही त्यामुळे ब्लेड वाचतं. शेंगाचटणी खातो, दह्यात कालवून. काका आहेत, जळगावला, केळीच्या भावावर चिडलेले असतात.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो होतो. ओपीडीला वेळ होता म्हणून रेडिएशनकडे चक्कर मारली, उगाच. बाकडी भरलेली. कडेला एक जण एकटाच बसलेला, पस्तिशीचा असेल, गळ्याला नवीन मफलर, फाइल छातीशी धरलेली. गालावर चौकोन ताजे. म्हणलं, कितवा? तो म्हणाला, तिसरा. मग माझ्याकडे बघून, "तुमचा?"

मला सांगताच येईना. दोन वर्षं झाली म्हणलं असतं तर मी त्याच्यासाठी ते फोटोवाले गृहस्थ झालो असतो. तोंडात डोळे मिटायचं आलं होतं, काड्यांचं आलं होतं. इकडेतिकडे बघितलं. तीन माणसं सोडून एक लुंगीवाले चाचा, नाकात नळी, डोळे मिटून बसलेले.

"चाचा, कितवा?"

त्यांनी डोळे न उघडता बोटांनी दाखवलं. दहा आणि वर चार.

मी त्या पोराची पिशवी उचलली, चाचांच्या शेजारच्या बाईला जरा सरकायला सांगितलं, आणि त्याला तिथं बसवून ओपीडीला गेलो.